रिकामी लिफ्ट कुठे थांबते

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला चार लोक 'पंडित' म्हणायला लागले, तर कुठेतरी पाणी मुरतंय हे खरं म्हणजे लगेच ध्यानात यायला हवं. पण 'सूरकोडी' नावाच्या ग्रुपमधल्या माणसांच्या ते वर्षभर ध्यानात आलं नाही, आणि मेकॅनिकनंही येऊ दिलं नाही.

त्याचं झालं असं. गायन शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये चाळीस मिनिटं अडकल्या होत्या. मेकॅनिक लिफ्टच्या शाफ्टच्या पोकळीत वाकून ओरडला, "बाई, घाबरू नका, दहा मिनिटांत काढतो." आतून उत्तर आलं, "सावकाश होऊ द्या. इथे आवाज छान घुमतोय." आणि बाई पुन्हा आलापाला लागल्या. बाहेर आल्यावर मेकॅनिक आपला शिष्टाचार म्हणून म्हणाला, "छान गात होता." झालं. बाईंनी त्याला जाणकारांत धरलं, त्याचा नंबर घेतला आणि संध्याकाळच्या आत त्याला ग्रुपमध्ये घातलं.

ग्रुप म्हणजे मोजून चार डोकी. बाई दर गुरुवारी सकाळी रागावरचं एक कोडं घालायच्या आणि रविवारपर्यंत ज्यानं त्यानं उत्तर फक्त बाईंना कळवायचं. मेकॅनिकशिवाय सोडवणारे दोघंच, दोघंही बाईंचे जुने शिष्य. एक दातांची डॉक्टरीण. हुशार, आणि हरणं तिच्या रक्तात नाही. दुसरा बेकरीवाला. गळा गोड, पण डोकं चालवायचा भारी कंटाळा. तो दर आठवड्याला डोळे मिटून 'दुर्गा' असं उत्तर पाठवायचा. दुर्गा राग कधी ना कधी येणारच, मग आपण कशाला शिणायचं, असा त्याचा साधा विचार होता.

मेकॅनिकला आलेलं पहिलंच कोडं असं होतं: 'सात भावंडांतलं पाचवं पंगतीला येतच नाही. दुसरं तोंड पाडून बसलेलं, तरी घरात हुकूम त्याचाच. दार उघडतं ते दिवेलागणीला. घर कोणाचं?'

मेकॅनिकला यातलं ओ की ठो कळलं नाही. त्यानं ते घरात उभं राहून मोठ्यानं वाचलं. म्हणजे त्याच्या परीनं तो हळूच वाचत होता, पण वीस वर्षं शाफ्टमध्ये वरून खाली ओरडून त्याचा आवाज कायमचा चढलेला होता. बायको म्हणायची, तुझी कुजबुज खालच्या दुकानात ऐकू जाते.

"मारवा," कोपऱ्यातल्या खुर्चीतून अण्णा म्हणाले.

मेकॅनिक दचकला. अण्णा म्हणजे त्याचे सासरे. त्यांनी त्या आठवड्यात उच्चारलेला तो बहुधा पहिलाच शब्द होता.

"काय म्हणालात अण्णा?"

"पंचम नाही. रिषभ कोमल आणि सगळा तोरा त्याचाच. वेळ संध्याकाळची. मारवा नाहीतर काय?" असं म्हणून अण्णांनी पुन्हा पेपर डोळ्यांसमोर धरला.

अण्णांनी चाळीस वर्षं पेट्या दुरुस्त केल्या. भाता बदलायचा, फाटलेलं कातडं लावायचं, आणि उतरलेले सूर कानानं जुळवून द्यायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. मग लेकीनं दुकान बंद करायला लावलं आणि त्यांना आपल्या घरी आणलं. तेव्हापासून अण्णा गप्प झाले ते झालेच. लेक काहीही विचारो, उत्तर एकच. 'हं.' अण्णा, पाय दुखतायत का? हं. अण्णा, बरं वाटत नाही का? हं. टीव्हीसुद्धा ते आवाज बंद करून बघायचे. बातम्या देणारे बेसूर बोलतात, असं त्यांचं म्हणणं. आपण दुकान बंद करायला लावलं म्हणून अण्णांनी आपल्यावर डूख धरलाय, हे लेकीनं मनाशी पक्कं धरलं होतं. कधीकधी स्वयंपाकघरात भांडी घासता घासता ती नवऱ्याला म्हणायची, "तुझ्याशी बरे बोलतात. मीच काय पाप केलंय?" मेकॅनिक चमचे पुसत राहायचा.

पण गुरुवारी अण्णा बोलायचे. कोडं आलं की मेकॅनिक खुर्चीसमोर स्टूल ओढून बसायचा, वाचून दाखवायचा, आणि अण्णा एकेक ओळ सोलून त्याच्या हातात द्यायचे. पुढे पुढे तर पलंगाखालची जुनी पेटी बाहेर आली. अण्णा एक हात पेटीच्या लाकडावर टेकवायचे, नजर पट्ट्यांवर ठेवायचे आणि एकेक सूर दाबून जावयाला शिकवायचे. सा ते सा बारा पट्ट्या, काळ्यापांढऱ्या धरून.

"म्हणजे बारा मजले," मेकॅनिक म्हणाला.

"जावईबापू, हे संगीत आहे. बिल्डिंग नाही."

"तसं नाही अण्णा. सा म्हणजे तळमजला धरा. शुद्ध रिषभ दुसरा मजला, शुद्ध गंधार चौथा, पंचम सातवा. बाराव्यावर गेलं की पुन्हा सा, गच्चीवरचा. एकेक राग म्हणजे एकेक लिफ्ट. कुठल्या मजल्यावर थांबते आणि कुठल्या नाही, एवढंच लक्षात ठेवायचं."

अण्णांनी कपाळाला हात लावला. पण महिन्याभरात तेच म्हणायला लागले, "हा चौथ्यावर फार रेंगाळतो बघा." आणि मेकॅनिकचा कान तयार झाला. दोराचा नुसता आवाज ऐकून लिफ्ट कितव्या मजल्यावर आहे ते सांगणारा माणूस तो. दोन सुरांमध्ये किती मजल्यांचं अंतर आहे हे त्याला बिनचूक कळायला लागलं. रागांची नावं मात्र डोक्यात राहीनात. ती अण्णांकडे असायची.

अशा रीतीनं एकतीस आठवडे मेकॅनिकचं उत्तर सगळ्यांत आधी गेलं. बाई त्याला पंडित म्हणायला लागल्या. बेकरीवाल्यानं 'पंडितजींना नमस्कार' असं लिहून ब्रेडचा फोटो पाठवला. डॉक्टरीण मात्र धुमसत होती. आपण दोन दिवस घेतलेलं कोडं लिफ्टवाला वीस मिनिटांत सोडवतो, हे तिच्या पचनी पडत नव्हतं.

"अण्णा, तुम्हीच या ना ग्रुपमध्ये," मेकॅनिक दोनतीनदा म्हणाला.

"नको. मग ते फोन करतील, बोला म्हणतील. मला कुणाशी बोलायचं नाही," अण्णा म्हणायचे, आणि विषय तिथेच संपायचा.

वर्ष संपायला आलं आणि डॉक्टरणीनं डाव टाकला. शेवटचं कोडं कॅमेऱ्यासमोर सोडवायचं, रविवारी सकाळी अकराला. बाईंना कल्पना आवडली. त्यांनी वर आणखी एक नियम घातला. कुणी दुसऱ्याकडून उत्तर घेताना दिसला तर तो ग्रुपमधून बाहेर, कायमचा.

पंडितपद गेलं असतं तरी मेकॅनिकचं काही अडत नव्हतं. सोमवारी तो पुन्हा शाफ्टमध्येच उतरणार होता. पण ग्रुप गेला की गुरुवार गेला, आणि गुरुवार गेला की अण्णा सातही दिवस त्या खुर्चीत 'हं' म्हणत बसणार. हे त्याला नको होतं. सासऱ्याच्या सोबतीची आपल्याला इतकी सवय झालीय हे त्याला तेव्हाच पहिल्यांदा कळलं, आणि जरा लाजल्यासारखंही झालं.

"तुम्ही माझ्या समोर बसा, फोनच्या मागे," त्यानं अण्णांना सांगितलं. "कॅमेऱ्यात मी एकटाच दिसेन. बोलायचं काही नाही, कागदावर लिहायचं."

"म्हणजे कॉपी," अण्णा म्हणाले.

"कॉपीच."

अण्णांचे डोळे चमकले. "शाळेत मी यात पहिला होतो."

रविवारी बायको बाजारात गेली आणि जेवणाच्या टेबलावर दोघांनी मोर्चा लावला. फोन डब्याला टेकवून उभा केला. मेकॅनिकसमोर कागद, पेन्सिल. पलीकडे अण्णा, तेही पेन्सिलीला टोक काढून तयार. पडद्यावर बाई, दवाखान्याच्या खुर्चीत बसलेली डॉक्टरीण आणि बाह्या सरसावलेला, कोपरापर्यंत पिठात माखलेला बेकरीवाला.

"आज नुसते शब्द नाहीत," बाई म्हणाल्या. "माझ्या एका विद्यार्थिनीनं गायलेला बारा सेकंदांचा तुकडा पाठवतेय. मागे सा धरून ठेवणारा तंबोरा नाही, मुद्दामच ठेवलेला नाही. तीनदा ऐकायचा, जास्त नाही. सोबत कोडं असं: 'पाच जणांची एकच वस्ती. दार ज्यानं पहिलं उघडलं, तो मालक असेलच असं नाही.' वेळ दहा मिनिटं. माइक बंद करा, म्हणजे बेकरीतलं यंत्र आम्हाला ऐकावं लागणार नाही."

मेकॅनिकनं माइक बंद केला, बायकोनं घरी ठेवलेल्या फोनवर तुकडा पाठवला, आवाज पूर्ण चढवला आणि लावला. बाईमाणसाचा मोकळा गळा. बारा सेकंद. त्यानं समोर बघितलं. अण्णा पेन्सिल हातात धरून शांत बसलेले. विचार करत असतील, म्हणून त्यानं पुन्हा लावला. संपला. अण्णांनी भुवया उंचावल्या, कागदावर काहीतरी लिहिलं आणि कागद त्याच्याकडे फिरवला.

'कधी लावताय?'

मेकॅनिक त्या दोन शब्दांकडे बघत राहिला. फोन अण्णांच्या कोपराशी होता, आवाज खिडकीबाहेर जाईल एवढा. मग त्याच्या डोक्यात एकामागून एक दिवे लागत गेले. आवाज बंद केलेला टीव्ही. पट्ट्यांवरून न हलणारी नजर. लाकडावर टेकवलेला हात. फोनची धास्ती. हळू बोलणाऱ्या लेकीला 'हं', आणि घसा फोडून बोलणाऱ्या जावयाला पूर्ण उत्तर. ज्या कानांवर चाळीस वर्षं दुकान चाललं, ते कान गेले होते, आणि म्हातारा ते एकट्यानं लपवत बसला होता. मेकॅनिकला एकदम भरून आलं. पण समोर कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यात डॉक्टरीण डोळे बारीक करून बघत होती, म्हणून त्यानं नाक खाजवलं.

त्यानं अण्णांच्या कागदावर काही लिहिलं नाही. आपला कागद ओढला, तिसऱ्यांदा तुकडा लावला आणि लिफ्ट जशी फिरली तशी टिपून घेतली. जिथून सुरुवात झाली तो तळमजला. मग दोन मजले खाली, चार खाली, सात खाली, नऊ खाली. तिथून पुन्हा सात, चार, दोन, तळमजला. शेवटी दोन खाली आणि चार खाली. तिथे लिफ्ट थांबली, ती तुकडा संपेपर्यंत.

त्यानं कागद हळूच पुढे सरकवला. अण्णांनी तो वाचला, आणि मग वर बघितलं. जावयाला कळलंय, हे त्यांना कळलं. मग अण्णांनी चष्मा सारखा केला आणि कामाला लागले. दोन खाली म्हणजे कोमल निषाद. चार खाली, कोमल धैवत. सात खाली मध्यम, नऊ खाली कोमल गंधार. पाच सूर, रिषभ नाही, पंचम नाही. त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मालकंस'. खाली दोन रेघा मारल्या.

चार मिनिटं उरली होती. मेकॅनिकनं बाईंना पाठवायला 'मालकंस' टाइप केलं आणि बोट थांबलं.

काहीतरी खटकत होतं. ते संगीतातलं नव्हतं, त्याच्या धंद्यातलं होतं. ही कसली बिल्डिंग? वर एकही मजला नाही आणि खाली नऊ तळघरं. आणि सगळं फिरून झाल्यावर लिफ्ट जाऊन निवांत उभी राहते कुठे, तर चौथ्या तळघरात. कोण कशाला अशी लिफ्ट बसवेल? रिकामी झालेली लिफ्ट आपल्या मुक्कामाच्या मजल्यावर परत येते, बोलवणारं कुणी नसलं की तिथेच उभी राहते. वीस वर्षं तो हेच तर बघत आला होता. माणूस लिफ्टमध्ये शिरतो कुठेही, म्हणून काही तो तळमजला होत नाही.

आपण चढलो तो मजला चौथा होता, आणि त्यालाच आपण तळमजला म्हणून बसलो.

त्यानं कागद उलटा केला आणि प्रत्येक आकड्यात चार मिळवले. चौथा, दुसरा, तळमजला. मग तीन खाली, पाच खाली, तीन खाली, तळमजला. दुसरा, चौथा, दुसरा, तळमजला, मुक्काम. खाली त्यानं लिहिलं: 'लिफ्ट शेवटी थांबते तो सा. सुरू होते तो नाही.' आणि कागद पुढे सरकवला.

अण्णांनी ओठ हलवत वाचलं. ग रे सा, ध प ध सा, रे ग रे सा. मग त्यांनी 'मालकंस' शब्दावर आडवी रेघ मारली. इतक्या वर्षांत अण्णांनी आपलं म्हणणं खोडलेलं मेकॅनिकनं पाहिलं नव्हतं. खाली त्यांनी लिहिलं: 'भूप'. अर्धं मिनिट उरलं असताना उत्तर गेलं.

बाईंनी तिन्ही उत्तरं वाचली. "डॉक्टर, मालकंस. पहिल्या सुराला सा समजलीस, त्यासाठीच तर तंबोरा काढला होता. बेकरीवाले, दुर्गा."

"वस्ती तीच आहे ना बाई, पाच जणांची?" बेकरीवाला म्हणाला. "सगळ्यांत खालचा सूर मालक धरला तर दुर्गाच होतो."

बाई थबकल्या. "होतो खरा," त्या म्हणाल्या. "वर्षात पहिल्यांदा तुझं उत्तर मूर्खपणाचं नाही. पण बरोबर एकच, पंडितांचं. भूप. पंडित, कसं काय ओळखलंत?"

मेकॅनिकनं माइक चालू केला. रिकाम्या लिफ्टचं सगळं सांगितलं. बाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. डॉक्टरणीनं हात जोडले, आणि ते तिला फार जड गेलं असणार. मेकॅनिकला एकदम ते सगळं नकोसं झालं. या लोकांशी आणखी एक दिवस खोटं वागणं त्याच्यानं होईना.

"बाई, एक सांगायचंय. मी पंडितबिंडित काही नाही. वर्षभराची सगळी उत्तरं माझ्या सासऱ्यांची. आजही ते समोर बसलेत. मला काढायचं तर काढा, पण त्यांना ग्रुपमध्ये घ्या."

आणि त्यानं फोन उचलून अण्णांकडे वळवला.

अण्णांनी पडद्यावरच्या तिघांकडे बघितलं, मग जावयाकडे. जावयाचं बोलणं त्यांना पुरेपूर ऐकू गेलं होतं, ते खालच्या दुकानातही गेलं असेल. त्यांनी घसा साफ केला.

"आधीची माझी," ते म्हणाले. "आजचं यांचं. मी मालकंस लिहिला होता, हा बघा कागद. मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. दुकानात उतरलेल्या पेट्या उतरलेल्याच परत गेल्या, तेव्हा मला कळलं. घरात कुणाला बोललो नाही, लाज वाटली. आज यांनी ऐकलं, मला मजले लिहून दिले. मी चुकलो आणि यांनी मला दुरुस्त केलं. तेव्हा यांना काढू नका."

दारात पिशवी जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. अण्णांना तो आला नाही, पण मेकॅनिकनं मान वळवली. बायको उभी होती. कधीपासून, कोण जाणे. एक लिंबू घरंगळत टेबलाखाली गेलं आणि तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

"नियम म्हणजे नियम," डॉक्टरीण पडद्यावरून म्हणाली. "पंडितांना काढा." मग जरा थांबून, "आणि दोघांना मिळून एकच जागा द्या. एका उत्तराला दोन डोकी. मला हरवायला दोघं लागतात, हे लेखी राहू दे."

"मंजूर," बाई म्हणाल्या. अण्णांना ते कळलं नाही. मेकॅनिकनं ओरडून सांगितलं.

अण्णांनी मान डोलावली. मग जावयाकडे वाकून, आपल्या मते हळूच, त्यांनी विचारलं, "पोरगी गायली कशी पण?"

मेकॅनिकनं विचार केला. "दोर नवा असावा तशी, अण्णा. थांबताना कुठे धक्का नाही. आणि शेवटी दार उघडून उभी राहिली, घाई न करता."

"मग चांगली गायली," अण्णा म्हणाले.

बायको पुढे आली. तीन वर्षं ती या माणसाच्या पाठीमागून, बाजूनं, दुसऱ्या खोलीतून, हळू आवाजात बोलत आली होती, आणि प्रत्येक 'हं' मनात साठवत आली होती. ती अण्णांच्या समोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे वाहत होते. तिनं छातीभर श्वास घेतला आणि जन्मात कधी ओरडली नव्हती एवढ्या जोरात ओरडली, "अण्णा, चहा टाकू का?"

बेकरीवाल्यानं तिकडे आपल्या फोनचा आवाज कमी केला.

"टाक की," अण्णा म्हणाले. "साखर अर्धा चमचा. रोज तू दोन घालतेस, मी बोललो नाही. आणि एवढं ओरडतेस कशाला?"